वडिलांच्या मेंदूत नवीन पेशी बनतात का, आणि त्यासाठी कॅप्सूल घ्यावी का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाबा ६६ वर्षांचे, महसूल खात्यातून रिटायर होऊन आठ वर्षं झाली, आई गेल्यापासून दिवसभर टीव्हीसमोर बसून असतात, सकाळची बीपीची गोळी घेतली की नाही हे आठवत नाही, आणि तुम्ही कुठल्यातरी वेबिनारमध्ये ऐकलं की मेंदूत रोज ७०० नवीन न्यूरॉन, म्हणजे मेंदूच्या पेशी, बनतात आणि त्यांची कॅप्सूल तीन महिने घेतली तर ते दुप्पट होतात. किंमत बरीच आहे म्हणून विचारताय, घ्यावी का.

कॅप्सूल घेऊ नका. हे आधी सांगून टाकते आणि मग बाकीचं सविस्तर लिहिते, कारण ७०० हा आकडा त्यांनी हवेतून काढलेला नाही, तो खऱ्या अभ्यासातला आहे, त्याच्या शेपटीला जे बांधलंय ते खोटं आहे. जिवंत माणसाच्या मेंदूत आज किती न्यूरॉन नव्याने तयार झाले हे मोजायची पद्धतच अजून कुणाकडे नाही, ते ना एमआरआयमध्ये दिसतं ना रक्ताच्या तपासणीत. मग जे मोजताच येत नाही ते आमच्या गोळीने दुप्पट झालं असं सांगणाऱ्याने नक्की काय मोजलं, एवढं एकच त्यांना विचारून बघा.

मी वीसेक वर्षं याच विषयात काम केलंय, बहुतेक सगळं उंदरांवर. काम कसं चालतं ते थोडं सांगते कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. उंदराला बीआरडीयू नावाचं एक रसायन टोचायचं. पेशीचे दोन भाग व्हायच्या आधी ती डीएनएची नवी प्रत काढते, तेव्हा हे रसायन त्या प्रतीत जाऊन बसतं, म्हणजे त्या दिवशी जन्मलेल्या पेशीवर जन्मतारखेचा शिक्काच पडला म्हणा ना. नंतर मेंदूचे ४० मायक्रॉन जाडीचे काप काढायचे. ते मिठाच्या पाण्यात ओल्या टिश्यू पेपरसारखे तरंगत असतात, बारीक ब्रशने एकेक उचलून काचेवर पसरायचा, जरा हात हलला की काप दुमडलाच. मग रंग देऊन मायक्रोस्कोपखाली तपकिरी ठिपके मोजायचे. हिप्पोकॅम्पस म्हणजे आठवणी रचायचा भाग, त्यात डेंटेट गायरस नावाची एक पट्टी असते, कापात ती आडव्या पाडलेल्या व्ही अक्षरासारखी दिसते, आणि त्या व्हीच्या आतल्या कडेला हे ठिपके दोन-दोन चार-चारच्या घोळक्याने चिकटून बसलेले असतात. दर सहावा काप घ्यायचा, मोजायचं आणि सहाने गुणायचं. मी हे इतकी वर्षं केलंय की आजही डोळे मिटले तर तो व्ही समोर येतो.

आता मुद्द्याची गोष्ट. एकाच दिवशी टोचलेले दहा उंदीर घ्या. पाचांचे मेंदू दुसऱ्या दिवशी बघा, पाचांचे चार आठवड्यांनी बघा. दुसऱ्या वेळी ठिपके निम्म्याहूनही कमी असतात. म्हणजे पेशी जन्माला आल्या पण मधल्या दिवसांत त्यातल्या बहुतेक मरून गेल्या. तरुण रॅटच्या (रॅट म्हणजे उंदराची मोठी जात) डेंटेट गायरसमध्ये रोज नऊ हजारांच्या आसपास नव्या पेशी बनतात असं २००१ मध्ये मोजलं गेलं, पण महिनाभराने त्यातल्या थोड्याच न्यूरॉन म्हणून कामाला लागलेल्या दिसतात. म्हणून "रोज किती बनतात" हा प्रश्नच मला अर्धा वाटतो. किती बनतात हे एका गोष्टीवर ठरतं, त्यातल्या किती राहतात हे बऱ्याच अंशी दुसऱ्याच गोष्टीवर ठरतं, आणि तुमच्या बाबांच्या बाबतीत मला ही दुसरी गोष्टच जास्त महत्त्वाची वाटते.

जन्माचं आधी बघू. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियात सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये हेन्रिएट व्हॅन प्राग, गर्ड केंपरमन आणि फ्रेड गेज यांनी उंदरांच्या पिंजऱ्यात नुसतं एक फिरतं चाक ठेवलं. उंदराला चाक मिळालं की तो रात्रीत चार-पाच किलोमीटर पळतो, कुणी पळवावं लागत नाही. या पळणाऱ्या उंदरांमध्ये पेशींचं विभाजन वाढलं. पळताना मेंदूकडे जाणारं रक्त वाढतं, आयजीएफ-१ आणि व्हीईजीएफ ही वाढीची प्रथिनं रक्तातून तिथे पोचतात, मेंदूतच बनणारं बीडीएनएफ वाढतं, आणि ही सगळी रसायनं त्या कडेवरच्या स्टेम सेलना, म्हणजे नव्या पेशींना जन्म देणाऱ्या मूळ पेशींना, जागं करतात. व्यायामाचं काम मुख्यतः हे.

आणि टिकण्याचं काम अनुभवाचं. त्याच गटाने १९९७ मध्ये वेगळा प्रयोग केला होता, काही उंदीर नेहमीच्या छोट्या पिंजऱ्यात आणि काही मोठ्या, "समृद्ध" पिंजऱ्यात, जिथे बोगदे, नळ्या, खेळणी, चाक आणि भरपूर सोबती. तिथे विभाजन फारसं वाढलं नाही, पण जन्मलेल्या पेशींपैकी जगणाऱ्या कितीतरी जास्त निघाल्या. मग १९९९ मध्ये एलिझाबेथ गूल्ड आणि ट्रेसी शोर्स यांनी शिकण्याचा प्रयोग केला, आणि तो मला या क्षेत्रातला सगळ्यात सुंदर प्रयोग वाटतो. रॅटला एक आवाज ऐकवायचा आणि मग पापणीजवळ हलका झटका द्यायचा, म्हणजे आवाज आला की डोळा मिटायला तो शिकतो. एका गटात आवाज चालू असतानाच झटका, याला हिप्पोकॅम्पस लागत नाही. दुसऱ्या गटात आवाज थांबला, मध्ये थोडा रिकामा वेळ गेला आणि मग झटका. आता त्या रिकाम्या वेळेवरून उडी मारून दोन गोष्टी जोडायच्या तर हिप्पोकॅम्पस लागतोच. आवाज तोच, झटका तोच, पण आठवडाभर आधी जन्मलेल्या पेशी दुसऱ्या गटातच वाचल्या, जवळजवळ दुपटीने. पहिल्या गटात काहीच फरक नाही. नुसतं काहीतरी करत राहणं पुरेसं नव्हतं, जिथे डोक्याला ताण देऊन जोडावं लागलं तिथेच त्या राहिल्या. शोर्स यांनी पुढे दाखवलं की जे सहज जमतं त्याचा उपयोग कमी, जे जमायला वेळ लागतो पण शेवटी जमतं त्याचा जास्त.

असं का होतं तर नव्या पेशीचा एक नाजूक काळ असतो, उंदरात साधारण जन्मानंतरचे पहिले तीन आठवडे. या काळात ती शेजारच्या जुन्या पेशींकडून सिग्नल घ्यायला शिकत असते. २००६ मध्ये एका प्रयोगात काही नव्या पेशींमधला सिग्नल घ्यायचा एक रिसेप्टरच काढून टाकला, तर शेजारच्या धडधाकट नव्या पेशी जगल्या आणि यातल्या बऱ्याच मेल्या. त्यांच्यात स्पर्धा असते, आणि ज्या काळात ती चालू असते त्या काळात हिप्पोकॅम्पसला काही काम आलं तरच बऱ्याच जणींचा निभाव लागतो.

जन्म आणि टिकणं या दोन वेगळ्या वाटा आहेत हे आपल्या मुंबईतही दिसलंय. कुलाब्याला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये विदिता वैद्य यांची लॅब आहे, त्यांनी २००२ मध्ये दाखवलं की रॅटच्या मेंदूतलं नॉरएपिनेफ्रिन हे निरोप पोचवणारं रसायन कमी केलं तर पेशींचं विभाजन कमी होतं, पण ज्या जन्मल्या त्यांच्या टिकण्यावर परिणाम होत नाही. डिप्रेशनच्या औषधांचा आणि नव्या न्यूरॉनचा संबंध काय यावर त्यांच्या लॅबने बरीच वर्षं काम केलंय, मराठीत या विषयावर बोलताना हे नाव सहसा येत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं.

जन्म आणि टिकणं हे एकत्र केलं तर काय, हेही करून बघितलंय. केंपरमन यांच्या गटाने २००९ मध्ये उंदरांना आधी काही दिवस चाकावर पळू दिलं आणि मग त्या समृद्ध पिंजऱ्यात सोडलं, तर दोन्हीचा फायदा एकावर एक चढला, नुसतं पळणं किंवा नुसता पिंजरा यापेक्षा जास्त नवे न्यूरॉन मिळाले. म्हणून कुणी मला विचारलं की चालायला जाऊ की काही शिकू, तर मी म्हणते चालत शिकायला जा.

आता त्या "समृद्ध पिंजऱ्या"बद्दल थोडं, कारण हे बाहेर कुणी नीट सांगत नाही. नेहमीचा लॅबचा पिंजरा म्हणजे बुटाच्या खोक्याएवढा प्लॅस्टिकचा डबा, खाली लाकडाचा भुसा, वर पाण्याची बाटली आणि खाण्याच्या गोळ्या. उजेड ठरलेला, जेवण आयतं, शत्रू नाही, शोधायला काही नाही. आपण याला "नॉर्मल" म्हणतो! खरं तर हा गरीब पिंजरा आहे. झ्युरिकच्या एका गटाने २००९ मध्ये रानातले लांब शेपटीचे उंदीर पकडून आणले, त्यांना चाक दिलं, ते भरपूर पळाले, पण त्यांच्या नव्या न्यूरॉनमध्ये काहीच वाढ झाली नाही. रानात जगलेल्या जिवावर चाकाने काही भर पडली नाही. मी यावरून असा अर्थ लावते की आम्ही लॅबमध्ये जो "परिणाम" मोजतो त्यातला मोठा भाग म्हणजे अनुभवाची उपासमार थांबवल्याचा परिणाम आहे, आणि म्हणूनच ज्या माणसाचं आयुष्य आधीच भरलेलं आहे त्याला आणखी ब्रेन गेम देऊन फार काही मिळेल असं मला वाटत नाही. पण ज्याचा दिवस एका खुर्चीत, एका खोलीत, ठरलेल्या तीन मालिकांमध्ये जातो, ताट समोर येतं, कुणाशी दोन शब्द नाहीत, तो माणूस त्या खोक्यातच आहे हो. तिथे फरक पडायला जागा आहे. तुमचं पत्र वाचून मला पहिल्यांदा तो प्लॅस्टिकचा डबाच आठवला, आणि वाईट वाटलं.

एक माझी स्वतःची चूक सांगते. सुरुवातीच्या काळात मी एक मोठा पिंजरा लावला, बोगदे, शिडी, लाकडी चेंडू, सगळं छान मांडलं आणि सहा आठवडे तसंच ठेवलं कारण कामाची गर्दी होती. पहिले चार-पाच दिवस उंदीर रात्रभर फिरत होते, प्रत्येक नळीत डोकं घालून बघत होते, मिशा थरथरत असायच्या. दुसऱ्या आठवड्यात सगळे एका कोपऱ्यात घरटं करून झोपलेले. शेवटी मोजलं तर साध्या पिंजऱ्यापेक्षा फरक अगदीच जेमतेम. नंतर मी दर तीन दिवसांनी एक-दोन वस्तू बदलायला लागले, सगळ्या नाही, एक-दोनच, कारण सगळंच बदललं की ते घाबरतात आणि बाहेरच येत नाहीत. शिडी इकडची तिकडे केली तरी पुन्हा गडबड सुरू व्हायची. महागातली खेळणी लागत नव्हती, पुठ्ठ्याची नळी पुरायची, ती कालच्या जागी नसली म्हणजे झालं.

पक्ष्यांमध्ये तर हे उघड्या रानात दिसतं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर युनिव्हर्सिटीत फर्नांडो नॉटेबोम यांनी १९८० च्या दशकात कॅनरी पक्ष्यांच्या मेंदूत नवे न्यूरॉन दाखवले आणि तेव्हा लोकांचा विश्वास बसेना, कारण मेंदूच्या अभ्यासाचा पाया घालणारे स्पॅनिश शास्त्रज्ञ काहाल यांच्या काळापासून पाठ्यपुस्तकात एकच शिकवत होते, मोठ्या माणसाच्या मेंदूत नवीन काही उगवत नाही. त्याच्याही आधी १९६० च्या दशकात जोसेफ ऑल्टमन आणि त्यांचे सहकारी गोपाल दास यांनी रॅटमध्ये हे दाखवून ठेवलं होतं, पण वीस-तीस वर्षं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. तर नॉटेबोम आणि अनत बार्निया यांनी १९९४ मध्ये चिकडी नावाचा छोटा पक्षी घेतला. हा पक्षी हिवाळ्याआधी एकेक बी वेगवेगळ्या फटीत लपवून ठेवतो आणि नंतर शोधून खातो. त्याच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या न्यूरॉनची भरती वर्षभर थोडी थोडी होते पण ऑक्टोबरच्या सुमारास एकदम वाढते, नेमकी लपवाछपवीच्या दिवसांत. आणि पिंजऱ्यात ठेवलेल्या चिकडींमध्ये ही भरती रानातल्यांपेक्षा कमी. दाणापाणी भरपूर, मांजराची भीती नाही, तरी कमी.

मग एक प्रश्न उरतो, सगळ्यांना एकच वातावरण दिलं तर सगळ्यांचे मेंदू सारखे होतील का? जर्मनीत ड्रेस्डेनला केंपरमन यांनी हेच बघितलं, २०१३ मध्ये ते छापून आलं. ४० उंदीर, सगळे जनुकांनी तंतोतंत सारखे, जुळे म्हणा, एकाच मोठ्या बहुमजली पिंजऱ्यात तीन महिने. प्रत्येकाच्या अंगात एक छोटी चिप आणि पिंजऱ्यात ठिकठिकाणी अँटेना, त्यामुळे कोण कुठे कधी गेला याची रात्रंदिवस नोंद. सुरुवातीला सगळे सारखेच वागत होते. हळूहळू काही जण सगळीकडे फिरायला लागले, काही जण दोन-तीन ठरलेल्या जागी राहायला लागले, आणि हा फरक दर आठवड्याला वाढत गेला. शेवटी मेंदू बघितले तर जे जास्त ठिकाणी, जास्त वेगवेगळ्या तऱ्हेने फिरले त्यांच्यात नवे न्यूरॉन जास्त. घर तेच, जनुकं तीच. प्रत्येकाने त्या घराचा किती भाग आपलासा केला यावर फरक पडला. यावर मी अनेकदा विचार केलाय. वातावरण देता येतं, पण त्याचा अनुभव ज्याचा त्यानेच घ्यावा लागतो, दुसऱ्याला भरवता येत नाही.

उलट्या बाजूचंही बघायला हवं, कारण तुमच्या घरात एक मोठं दुःख होऊन गेलंय. ताण आला की नव्या पेशींचं विभाजन घटतं, हे रॅटमध्ये, माकडांमध्ये दिसलंय. गूल्ड यांनी १९९८ मध्ये मार्मोसेट जातीचं माकड दुसऱ्या माकडाच्या पिंजऱ्यात फक्त एक तास ठेवलं होतं, परक्याच्या घरात, मालक अंगावर येतोय अशा अवस्थेत, आणि तेवढ्यानेही विभाजन कमी झालेलं दिसलं. अपुरी झोप, जास्त दारू यांनीही कमी होतं. पण मला सगळ्यात अस्वस्थ करणारा निकाल २००६ चा आहे, गूल्ड यांच्याच लॅबचा. एकेकट्या ठेवलेल्या रॅटना चाक दिलं, ते गटात राहणाऱ्यांइतकेच पळाले, पण पहिले काही दिवस त्यांना पळण्याचा फायदा मिळालाच नाही, तो खूप उशिरा आला. पळताना अंगात स्ट्रेस हॉर्मोन वाढतंच, सोबत असली की मेंदू ते झेलतो, एकटेपणात त्याचा त्रास होतो. म्हणून "बाबांना ट्रेडमिल आणून देऊ का" असं जे तुम्ही विचारलंय त्याला माझं उत्तर नको असं आहे. हॉलमध्ये एकट्याने भिंतीकडे बघत चालण्यापेक्षा कोपऱ्यावरच्या चहावाल्यापर्यंत कुणाबरोबर तरी चालत गेलेलं बरं.

बरं, हे सगळं उंदीर आणि पक्षी झाले, माणसाचं काय? तुमचा ७०० इथे येतो.

१९९८ मध्ये स्वीडनमध्ये पीटर एरिक्सन यांना एक वाट सापडली. घशाचा, जिभेच्या मुळाशी कॅन्सर असलेल्या काही रुग्णांना गाठ किती वाढतेय हे बघायला डॉक्टरांनी तेच बीआरडीयू टोचलेलं होतं. त्यातले पाच जण पुढे वारले तेव्हा त्यांचे मेंदू तपासले, वय ५७ ते ७२, आणि पाचही जणांच्या डेंटेट गायरसमध्ये शिक्का बसलेले न्यूरॉन सापडले. स्वतः मरणाच्या दारात असताना या लोकांनी आपला मेंदू तपासायला परवानगी दिली, त्यांच्यामुळे आपल्याला हे कळलं.

दुसरी वाट त्याहून विलक्षण. १९५५ ते १९६३ या काळात अमेरिका-रशियाने उघड्यावर अणुबॉम्बच्या इतक्या चाचण्या केल्या की हवेतला कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, एकदम वाढला, आणि १९६३ च्या करारानंतर तो हळूहळू उतरत गेला. हवेतून झाडात, धान्यात, आणि जेवणातून आपल्या डीएनएमध्ये. म्हणजे पेशीच्या डीएनएमधला कार्बन-१४ मोजला की ती पेशी साधारण कुठल्या साली जन्मली ते कळतं. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने, कर्स्टी स्पॉल्डिंग यांनी, २०१३ मध्ये १९ ते ९२ वर्षं वयाच्या वारलेल्या लोकांच्या हिप्पोकॅम्पसवर हे केलं आणि हिशेब आला, दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसमध्ये प्रत्येकी रोज सुमारे ७०० नवे न्यूरॉन, आणि वयाबरोबर घट होते पण थोडीच. तर वेबिनारवाल्यांनी हा आकडा उचललाय.

मात्र त्यांनी २०१८ चं सांगितलं नसणार. त्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका मोठ्या गटाने ५९ मेंदूंचे नमुने तपासून लिहिलं की लहान मुलांमध्ये नवे न्यूरॉन दिसतात, शेवटचे १३ वर्षांच्या मुलात दिसले, मोठ्या माणसात एकही नाही. आमच्याकडे त्या आठवड्यात दुसरं कुणी काही बोलतच नव्हतं. महिन्याभरात न्यूयॉर्कहून मॉरा बोल्ड्रिनी यांचा अभ्यास आला, १४ ते ७९ वर्षांचे २८ जण, नवे न्यूरॉन म्हातारपणापर्यंत आहेत. मग २०१९ मध्ये माद्रिदच्या मारिया यॉरेन्स-मार्तिन यांच्या गटाने जे दाखवलं ते मला, काप हाताळणारी म्हणून, फार पटलं. माणूस वारल्यावर मेंदू फॉर्मलिनसारख्या द्रावात किती वेळ बुडवून ठेवला यावर सगळं अवलंबून आहे. नव्या न्यूरॉनची खूण असलेलं डबलकॉर्टिन नावाचं प्रथिन जास्त वेळ ठेवलं की दिसेनासं होतं, त्याच मेंदूचा तुकडा थोडे तास ठेवला तर चमकतं. आम्ही उंदराचा मेंदू मिनिटामिनिटांचा हिशेब ठेवून काढतो, माणसाच्या बाबतीत तसं कसं जमणार. त्यांनी नीट जपलेल्या नमुन्यांत ४३ ते ८७ वयाच्या १३ निरोगी माणसांमध्ये हजारो नवे न्यूरॉन दाखवले, आणि अल्झायमर झालेल्यांमध्ये ते आजार वाढेल तसे कमी कमी होत गेलेले दाखवले.

आणि २०२५ मध्ये फ्रिसेन यांच्याच गटाने मोठ्या माणसात या न्यूरॉनना जन्म देणाऱ्या, विभाजन होत असलेल्या पेशी प्रत्यक्ष दाखवल्या, जन्मलेल्या बाळापासून ७८ वर्षांपर्यंत. त्यातली मला भिडलेली गोष्ट अशी की काही मोठ्या माणसांत त्या भरपूर होत्या आणि काहींमध्ये जवळजवळ नव्हत्याच. सरासरी ७०० म्हटलं तरी माणसामाणसांत एवढा फरक आहे. वाद अजून मिटलेला नाही, काही लॅब अजूनही मानत नाहीत, पण माझं मत विचाराल तर माणसात हे होतं, उंदराच्या मानाने कमी आणि सावकाश होतं, आणि सगळ्यांत सारखं होत नाही.

व्यायामाचा माणसावरचा एक अभ्यास हमखास दाखवला जातो, २०११ चा, कर्क एरिक्सन यांचा, १२० वयस्क लोक, निम्मे वर्षभर आठवड्यातून तीन दिवस भरभर चालले, निम्म्यांनी नुसतं स्ट्रेचिंग केलं. चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्के वाढला, बाकीच्यांचा थोडा आक्रसला. चांगला अभ्यास आहे, पण पुढच्या काहींमध्ये एवढा फरक दिसला नाही, आणि आकार वाढला म्हणजे न्यूरॉनच वाढले असं नसतं, रक्तवाहिन्या, पेशींचे फाटे, पाणी, काहीही असू शकतं. तरी चालणं मी सांगेनच, कारण बीपी, साखर, झोप, मूड या सगळ्यासाठी ते चांगलं आहे हे तर मोजून सिद्ध झालंय.

आता ती बीपीची गोळी. डेंटेट गायरसचं एक मोठं काम म्हणजे दोन जवळजवळ सारख्या आठवणी वेगळ्या ठेवणं. सकाळची गोळी रोज त्याच टेबलावर, त्याच पेल्याने, त्याच वेळी. बाबांना गोळी घेतल्याचं आठवतंय, पण ते आजचं की कालचं हे सुटं होत नाहीये. उंदरांमध्ये नवे न्यूरॉन कमी केले की नेमकं हेच बिघडतं, एकमेकांजवळच्या दोन जागा त्यांना वेगळ्या ओळखता येत नाहीत, दूरच्या येतात. पण म्हणून बाबांना अमुकच झालंय असं मी म्हणणार नाही. ज्याचे सगळे दिवस एकसारखे असतात त्याला कुठलाही मेंदू असला तरी काल आणि आज वेगळे करणं अवघडच, मुळात वेगळं करण्यासारखं काही घडलेलंच नसतं! वारांची नावं असलेली सात खणांची डबी आणा, केमिस्टकडे मिळते, तो प्रश्न आजच सुटेल. आणि फिजिशियनकडे एकदा घेऊन जा, बी-१२, थायरॉइड तपासून घ्या, आई गेल्यापासूनची उदासी आहे हे त्यांना स्पष्ट सांगा कारण बाबा स्वतः सांगणार नाहीत. डॉक्टरांनी त्यासाठी काही औषध दिलं तर घाबरू नका आणि मनाने बंदही करू नका. कान तपासून घ्या. टीव्हीचा आवाज वाढलाय असं तुम्ही सहज लिहून गेलाय, पण ऐकू कमी येणारा माणूस लोकांत जायचं टाळतो आणि मग घरातच राहतो, हे मी माझ्या घरात पाहिलंय, आम्हाला ते कळायला चार वर्षं लागली.

वय झालं आता काय उपयोग असं मात्र म्हणू नका. २००५ मध्ये व्हॅन प्राग यांनी १९ महिन्यांचे उंदीर घेतले, म्हणजे उंदरातले आजोबाच, ज्यांनी आयुष्यात कधी चाक बघितलं नव्हतं. त्यांना चाक दिल्यावर नव्या न्यूरॉनचं प्रमाण तरुण उंदरांच्या निम्म्यापर्यंत परत आलं. आणि केंपरमन यांनी मध्यम वयापासून म्हातारपणापर्यंत समृद्ध पिंजऱ्यात राहिलेल्या उंदरांमध्ये साध्या पिंजऱ्याच्या पाचपट न्यूरॉन मोजले होते.

तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय की नोकरीत असताना बाबांच्या हाताखालून जमिनींचे जुने मोडी कागद जायचे, ते वाचायला कायम दुसऱ्याकडे द्यावे लागायचे आणि त्याची त्यांना आयुष्यभर चुटपूट होती. अहो, हेच धरा ना! कॅप्सूलच्या पैशात मोडीचे दोन वर्ग होतील. मोडी सहज येत नाही, आधी पूर्ण रेघ ओढून मग हात न उचलता लिहिलेली अक्षरं, काही अक्षरं चटकन वेगळी कळत नाहीत, दोन महिने नुसतं चाचपडावं लागतं आणि मग एके दिवशी "मौजे" वाचता येतं, पुढे "बिघे" वाचता येतं. शोर्स यांच्या रॅटना जे लागत होतं ते हेच, अवघड पण जमणारं. शिवाय वर्गाला जायचं म्हणजे अंघोळ करून बाहेर पडणं आलं, चालणं आलं, चार समवयस्क आले, कुणाच्या तरी कागदावरून वाद घालणं आलं. मोडीने त्यांच्या मेंदूत अमुक इतके न्यूरॉन वाढतील असं मी लिहून देऊ शकत नाही, कुणीच देऊ शकणार नाही. पण या विषयात आम्ही जे जे फायद्याचं पाहिलं ते सगळं यात एका जागी येतंय, आणि मुख्य म्हणजे इच्छा त्यांची स्वतःची आहे, तुमची नाही.

सगळं एकदम बदलू नका, उंदरांचं सांगितलं ना, कोपऱ्यात जाऊन बसतात. टीव्ही बंद करू नका, खुर्ची हलवू नका. आधी घरात कुठे जुना मोडी कागद असेल तर तो काढून त्यांच्यासमोर ठेवा आणि हे काय लिहिलंय हो बाबा, एवढंच विचारा. वर्ग ठरला तर पहिल्या दिवशी सोबत जा. दुसऱ्या दिवसापासून मात्र जाऊ नका, रिक्षाही बघून देऊ नका, कुठल्या गल्लीतून जायचं ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.